हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात ती उभ्यादांड्याहून चालत येई,
छत्री मिटलेली, ऊन असो वा नसो,
आणि माझ्या टेबलापुढच्या डुगडुगत्या खुर्चीवर
न डुगडुगता बसे.

मी विचारायचो तेच, जे फॉर्म विचारतो.
नाव?
‘खयचा सांगू?’
बाप्तिस्म्याचं, सेबेस्त्यानी पास्कू रॉड्रिग्ज.
पोस्टरवरचं, कुमारी तरंगिणी.
रकान्यात दोघींना जागा नव्हती.
मी तरंगिणीला कंसात घातलं.
ती म्हणाली, ‘थंयच होती ती, सगळो जन्म.’

जन्मस्थळ वेंगुर्ले. जन्मसाल इगर्जीच्या वहीत,
आणि वहीत वाळवी.
पण बोट सुटली तो दिवस तिला पाठ होता.
बाप बंदरावर आला नव्हता.
आईने सुक्या बांगड्यांची पुडी दिलेली,
आणि मुंबई येईपर्यंत
एकुलत्या एका जॉर्जेटच्या झग्याला
तो वास बसला.
पहिल्या स्टुडिओत मेकअपवाल्याने नाक मुरडलं.
दुसऱ्यात तिने अत्तर लावलं.
तिसऱ्यात नाव बदललं.

कलाप्रकार? गायन, अभिनय, इतर.
योग्य त्यावर खूण करा.

पहिल्या चार चित्रांत ती स्वतः गायली.
झाडामागे पेटीवाला लपलेला, फांदीत माईक,
कावळा ओरडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.
मग युद्ध संपलं,
आणि काचेच्या खोलीत गाणं आधीच
दुसरी कुणी गाऊन ठेवू लागली.
हिने ओठ हलवायचे, नि वेलीला धरून वळायचं.
‘माका सांगल्यानी, तुझो आवाज जाड,
खाऱ्या वाऱ्याचो.’

मग तुम्ही काय केलंत?
हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

‘रेकॉर्ड मोठ्यान लावत.
तेच्या खाली मी आपला पूर्ण गळ्यान गायलंय.
कोणाक ऐकाक येवचा नाय.
कॅमेऱ्याक कान नसतत, बाबा.’

पुरावा म्हणून तिने फोटो आणला होता.
पुठ्ठ्याचा चंद्र, कोरलेल्या भुवया,
आणि मानेवर एक शीर, तट्ट फुगलेली.
तिने तिथे बोट ठेवलं. बोटाला काजूतेलाचे जुने काळे डाग.
‘नुसते ओठ हलवन ही फुगता?’

बत्तिसाव्या वर्षी ती नायकाची आई झाली,
पस्तिसाव्या वर्षी आजी, पांढऱ्या पावडरची.
मध्ये एक लग्न. त्याबद्दल ती ‘झाला’ एवढंच म्हणाली.
परतली तेव्हा बोटी बंद पडलेल्या,
रात्रभर एस्टीत बसून आली,
आणि सोमवारपासून कारखान्यात काजू सोलू लागली.
रविवारी इगर्जीत शेवटच्या बाकावर गायची.
पाद्री एकदा म्हणाला, ‘बाई, जरा हळू.’

साहेबांनी लाल शाईने शेरा मारला,
‘सदर शीर पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.’
मी ‘इतर’वर खूण केली.
इतर मंजूर झालं.
सात वर्षं ती येऊन सही करून गेली,
‘मी जिवंत आसंय’ असं आपणहून सांगून,
जणू मला शंका असावी.

आठव्या नोव्हेंबरात खुर्ची रिकामी.
मी नियमानुसार पत्र पाठवलं,
दाखला सादर न केल्यास मानधन स्थगित होईल.
पोस्टमन परत घेऊन आला,
पाकिटावर पेन्सिलने एकच शब्द, ‘मयत’.
कंसात काही नव्हतं.

फोटो परत करायचा राहून गेला.
आमच्याकडची हवाच अशी, टाचणी गंजली,
डाग उतरला तो बरोबर गळ्यावर.
आता शीर कुठली, गंज कुठला, सांगता येत नाही.
दुपारी लाईट जाते, पंखा थांबतो,
मी ड्रॉवर ओढतो, पाहतो, ढकलतो.
लाकूड फुगलंय.
तो पुरता बंद होत नाही.